देवाचं बटण

आमच्या समोरच्या घरातल्या बाईला सगळे बटणवाली म्हणतात. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे येतात, ती घरी बसून काज करते, बटणं लावते आणि गठ्ठे परत धाडते. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवतो. घरी आला की आधी झोपतो. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे मुंगी. हे नाव कोणी पाडलं माहीत नाही, पण शोभतं. इवलीशी पोर, सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते.

मुंगी बोलताना अडखळते. ‘द’ आला की गाडी हमखास रुतते. बालवाडीत घातलं तेव्हा पोरांनी तिच्या नकला केल्या. तिथली ताई भली होती, पण भारी घाईची. मुंगीनं तोंड उघडलं की पुढचा शब्द तीच बोलून मोकळी व्हायची. थोड्याच दिवसांत मुंगीनं बोलणंच टाकलं. घरीसुद्धा. पाणी हवं असलं तर नुसता पेला दाखवायची. शेवटी बटणवालीनं तिला तिथून काढलं आणि शिलाई मशीनशेजारी चटई अंथरली.

“देवानं पदरात घातलीय, शिकवायची बुद्धीही तोच देईल,” ती मला म्हणाली.

माझं आणि देवाचं फारसं सख्य नाही. मी म्हटलं, “म्हणजे बाराखडी घ्यायला तो स्वतः येणार का?”

“बाराखडी मी घेईन हो, ताई. त्यानं धीर दिला तरी पुरे.”

आणि खरंच तिनं शिकवलं. सकाळी आधी प्रार्थना, तीही चालीवर, कारण चालीत मुंगी अडखळत नसे. मग दोऱ्याची रिळं मांडून रंग: देवानं निळा कशाकशाला दिला, हिरवा कशाला. चिंध्या कापून चौकोन आणि त्रिकोण. खिडकीतल्या डब्यात एक बी पेरलं होतं. मुंगी ते रोज उकरून बघायची आणि आई दटावायची, “आत त्याचं काम चाललंय, करू दे त्याला.” ज्या माणसांसाठी देवाचे आभार मानायचे, त्यांच्यापासून अक्षरं सुरू व्हायची. ‘ब’ बाबांचा, ‘म’ मावशीचा. ती मावशी म्हणजे मी, हे कळल्यावर माझी जीभ जरा नरमली, खोटं कशाला सांगू.

आकडे अर्थातच बटणांवर. तिथं त्या घरचा एक नियम होता. मोजण्याआधी एक बटण बाजूला काढायचं, ते देवाचं. उरलेली आपली, ती मोजायची. दुसरा नियम आम्हा मोठ्यांसाठी. मुंगीचा शब्द अडला की ती तळहात वर करणार, आणि आपण गप्प बसायचं. एकदा मला राहवलं नाही, मी तिचा शब्द पुरा केला. बटणवालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच्या कपात तोंड खुपसलं.

“सावकाश बोलू द्या तिला, ताई. देवाला घाई नसते.”

पहिलीच्या प्रवेशाची वेळ आली. मुख्याध्यापिका मुलांना स्वतः पारखत. जमलं नाही तर पुन्हा वर्षभर बालवाडी, तीच बालवाडी. नवऱ्यानं फोनवरून सांगून टाकलं, “बाई म्हणतील तसं करू.” बटणवालीच्या हातून त्या आठवड्यात उलटी बटणं लागली. “पुन्हा गप्प झाली तर ती परत बोलायची नाही,” एवढंच ती म्हणाली. मी सोबत गेले.

बाईंनी आम्हाला मागच्या बाकावर बसवलं. “मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही,” असं बजावलं आणि टेबलावर दहा लाकडी मणी ठेवले. “मोज बघू.”

मुंगीनं एक मणी टेबलाच्या कडेला सरकवला आणि बाकीचे मोजले. “नऊ.”

“नीट बघ.”

“नऊ.”

बाईंनी पेन उचललं. बटणवालीनं पर्स पोटाशी आवळून धरली होती. नियम तिचाच होता, आणि तो आम्हा दोघींना कळत असून सांगायची सोय नव्हती.

“हा एक का सोडलास गं?” बाईंनी विचारलं.

“तो दे... दे...”

“दिसला नाही का तुला?” बाई मदतीला धावल्या.

मुंगीचा तळहात वर गेला. बाई चमकल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पण आम्हाला तर त्यांनीच गप्प केलेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या थांबल्या.

“देवाचा,” मुंगी म्हणाली.

“बरं. मग सगळे मिळून किती?”

मुंगीनं विचार केला. आपल्यातला एक मणी उचलून तिनं बाईंपुढे ठेवला. “हा तुमचा. माझे आठ. तुमचा एक. दे... देवाचा एक. द... द...” हात पुन्हा वर. या वेळी बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“दहा.”

बाई हसल्या. “पहिलीतच बसेल ही. आणि हात वर केला की थांबायचं, हे मी हिच्या वर्गात सांगून ठेवते.”

बाहेर आल्यावर बटणवाली शाळेच्या पायरीवर मटकन बसली. तिला लेकीला काहीतरी सांगायचं होतं, पण हुंदका आडवा येत होता. ओठ हलायचे, शब्द फुटत नव्हता. मुंगी तिच्या शेजारी टेकली आणि आईचा हात हातात घेऊन वाट पाहत राहिली.

“सावकाश, आई,” ती म्हणाली. “दे... देवाला घाई नसते.”

मी तोंड फिरवून रस्त्यावरची वाहनं बघत उभी राहिले.