तीन माणूस लांबीचा भाला

आमच्या व्याह्यांइतकं नीटनेटकं मरणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि म्हणूनच ते खरोखर मरायला टेकले त्या दुपारी कापणी झालेल्या खाचरात साठ माणसं असूनही एकही मदतीला हलला नाही. दोरीपासून वीस पावलांवर ते पालथे पडले होते, नाक चिखलात. त्यांच्या डावीकडे आणखी एक जण पडला होता, तोंडावर टोपी घेऊन, अगदी रीतसर. शत्रूच्या बाजूचा एक धिप्पाड माणूस दोघांवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेला, आणि जाता जाता मान लववून गेला. चटईवर बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होते. तेवढ्यात व्याह्यांच्या कानामागे चष्म्याची दांडी उन्हात चमकली.

चष्म्याचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी व्याह्यांबद्दल सांगते. ते माझ्या सुनेचे, सायुरीचे वडील. नागोयात मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात चाळीस वर्षं स्क्रू मोजायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर मोजायला स्क्रू उरले नाहीत, म्हणून दिसेल ते मोजायला लागले. मी मुलाकडे नागोयाला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिशातून मोजपट्टीसारखं काहीतरी काढून माझ्या पोळीची जाडी मोजली, एका कडेला आणि मधे, आणि सुनेला म्हणाले, "फरक फार आहे." मी सुनेला म्हटलं, "सांग त्यांना, कारखान्यातली नाही, चुलीवर शिकलेल्या बाईची आहे." तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्यांनी उठून मला वाकून नमस्कार केला आणि सात पोळ्या खाल्ल्या. मी चौथी शिकलेली. त्यांना मराठीचे चाळीस शब्द येतात, मला जपानीचे चाळीस. ऐंशी शब्दांत आमचं बरं चाललं होतं. मला ते 'विहीणबाई-सान' म्हणतात. मी पुष्कळदा सांगितलं की बाई लावल्यावर सान लागत नाही. ते म्हणतात, मान कमी पडण्यापेक्षा जास्त झालेला बरा.

चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी या भागात लढाया व्हायच्या, त्या पुन्हा लढून बघायच्या असा इथल्या काही मंडळींचा नाद आहे. व्याही त्यात शिरले. लोक तिथे सरदार व्हायला धडपडतात, शिंगांची शिरस्त्राणं घालून फोटो काढून घेतात. आमचे व्याही हट्टाने साधे पायदळी शिपाई झाले. पसरट टोपी, प्लास्टिकच्या पिंपातून कापून काळं रंगवलेलं चिलखत, आत जाड सुती कपडा. सरदार एकटा लढतो, त्यात काही अक्कल लागत नाही, ती रांग लढवायला लागते, असं त्यांचं म्हणणं. रांग कशी लढवायची हे ते माझ्या स्वयंपाकघरात ठरवायचे. मी भाजीला पातीचा कांदा आणून ठेवला की त्याच्या लांब पात्या म्हणजे भाले, टोफूची वडी म्हणजे टेकडी, आणि माझी मिसळणाची वाटी शत्रूची छावणी. एकदा अर्धा तास हळदीची बाजू जिंकत होती आणि मी कढई तापवून उभी. शेवटी मी टेकडीच उचलून तेलात सोडली. ते इतकंच म्हणाले, "विहीणबाई-सान, हा बरोबर नाही. टेकडी हलत नाही."

त्यांचं सगळं डोकं एका प्रश्नात अडकलेलं होतं: भाला किती लांब घ्यायचा. त्यांची बाजू दरवर्षी हरायची. समोरचे तरुण, त्यांच्या हातात आखूड भाले आणि लाकडी तलवारी. ते वाकून भाल्यांखालून आत घुसायचे आणि मग आमच्याकडच्या पेन्शनरांची कत्तल. व्याह्यांनी वर्षभर मोजमाप करून ठरवलं की भाला तीन माणूस लांबीचा हवा. तो भोसकायचा नाही, सगळ्यांनी एकदम वर उचलायचा आणि एकदम खाली, समोरच्याच्या डोक्यावर आपटायचा. टोकाला कापूस बांधलेला असतो, पण मार बसतो. मी लहानपणी चिंचा पाडलेल्या आहेत. लांब काठीचं टोक कसं जड होतं ते मला कळतं. मी सुनेकडून सांगवलं, "काठी लांब घेतली की समोरच्याच्या आधी आपले हात मरतात. आखूड घ्या." त्यावर त्यांनी सुनेला सावकाश काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा म्हणतात, आखूड भाल्याला धीट माणूस लागतो. माझ्याकडे म्हातारी माणसं आहेत. त्यांना शत्रू लांब असला की बरं वाटतं."

बांबू आणला तो गावाच्या दुसऱ्या टोकाहून. भुयारी रेल्वेत तो मावत नाही म्हणून चालत आणला. मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं, कारण लांब सामानाला ते बांधायचा नियम आहे. प्रत्येक सिग्नलला थांबले. व्याही फुटपाथवर उभे आणि भाल्याचं टोक रस्त्यात, त्यामुळे हिरवा दिवा लागला तरी गाड्या थांबलेल्या, आणि हे प्रत्येक गाडीवाल्याला वाकून माफी मागतायत. वाकले की भाला आणखी फिरायचा. एक भाला सरावात चिरला. इथे लांब वस्तू कापून, चिठ्ठी लावून, ठरल्या दिवशीच कचऱ्यात टाकावी लागते. कापायला त्यांचं मन होईना, म्हणून तो त्यांनी माझ्या गॅलरीत दोन आकड्यांवर बसवून दिला. त्याच्यावर माझं नऊवारी एका घडीत वाळतं. शेजारीण फोटो काढून गेली.

त्या मंडळींचे नियम कडक. टोक छातीला लागलं की आपण मेलो. 'लागलं' म्हणून ओरडायचं, आडवं व्हायचं आणि लढाई संपून शंख वाजेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, खाजवायचंसुद्धा नाही. मेलेला उठला तर त्याच्या बाजूचे गुण जातात. व्याह्यांना मरणं जिंकण्याइतकंच महत्त्वाचं वाटायचं. आधी चष्मा काढायचा, दांड्या मिटायच्या, कमरेच्या पट्ट्यात खोचायचा. मग काटे नाहीत अशी जागा बघायची. मग उताणं पडायचं आणि ऊन लागू नये म्हणून टोपी तोंडावर ओढायची. आमच्या दिवाणखान्यात त्यांनी हे सगळ्यांना शिकवलं. आठ म्हातारे गालिच्यावर ओळीने मेलेले आणि मी त्यांच्यामधून पाय वाचवत चहाचा ट्रे नेतेय, असा प्रकार मी पाहिलेला आहे.

त्या आठांत एक न्हावी होते. व्याह्यांचे बालमित्र. चाळीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्यांनी व्याह्यांचे केस कापले. किडकिडीत, कमी बोलणारे. बायको गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि स्वतःलाही आत बंद करून घेतलं. व्याह्यांनी तीन महिने रोज जाऊन दार वाजवलं. शेवटी न्हावी बाहेर आले ते, सून म्हणते, आवाजाला कंटाळून. त्यांना भाला नको होता. "मी शंखाजवळ बसतो, पाण्याच्या बाटल्या सांभाळतो," म्हणायचे. व्याही म्हणाले, "तू रांगेत. माझ्या डावीकडे. तुझ्या पलीकडे दुसरा जाडजूड माणूस देतो. कच्चा माणूस दोन पक्क्यांच्या मधे उभा राहिला की रांग तुटत नाही." माझ्या ट्रेवरचा कप उचलताना न्हावी मला हळूच जपानीत म्हणाले, "जड आहे." तेवढं मला कळलं. मी म्हटलं, "मला माहिती आहे." मराठीत म्हटलं. त्यांनी मान हलवली.

तर तो दिवस. सप्टेंबर होता, पण ऊन मे महिन्याचं. लांब भाल्यांनी पहिल्यांदाच समोरचे मागे हटले. व्याही ओरडत होते, वर, खाली, वर, खाली, आणि म्हाताऱ्यांचे भाले एका तालात पडत होते. एक सांगते, बघायला छान होतं. अर्धा तास असं चाललं. मग एकेकाचे हात खाली यायला लागले, समोरचे आत घुसले आणि आमचे पटापट मरायला लागले. व्याही पडले.

मला चष्मा दिसला आणि मी ओरडले, "मेगाने, मेगाने!" चष्म्याला इथे मेगाने म्हणतात. सून माझा चष्मा पडला म्हणून चटई झटकायला लागली. दोरीवरच्या माणसाने दोन्ही हात पसरून मला अडवलं. शंख वाजेपर्यंत बघणाऱ्यांनी आत जायचं नाही. मी दोरीखालून गेले. माझ्या वयाला मी किती वाकले ते दुसऱ्या दिवशी कळलं. न्हाव्यांच्या पायांजवळून गेले. व्याह्यांना उताणं केलं, अंग तव्यासारखं, घाम एक थेंब नाही. मी त्यांच्या दोन थोबाडीत दिल्या. विहिणीने व्याह्याच्या थोबाडीत मारलेली बघून मात्र लढाई जागच्या जागी थांबली आणि सून धावत आली.

मग जे जिवंत होते ते सगळे धावले. दोन लांब भाले घेतले, त्यांच्यावरून चार अंगरखे बाह्यांतून ओवले, झोळी झाली. भाला लांब म्हणून एका वेळी आठ माणसांना खांदा देता आला आणि चिखलातून रस्त्यापर्यंत ते पळत गेले. सून अँब्युलन्समधे बसली. मी मागून चालत रस्त्यापर्यंत गेले, थोडी उभी राहिले, परत आले.

परत आले तर मेलेले तसेच पडलेले. वीस-बावीस माणसं, उन्हात, टोप्या तोंडावर. शंख वाजवणारा झोळीला खांदा द्यायला गेला होता आणि शंख बांधावर पडला होता. कुणी वाजवला नाही म्हणून कुणी उठलं नाही. आपल्याशेजारी एक माणूस खरा पडला, त्याला उचलून नेलं, हे ऐकूनही उठले नाहीत. म्हणत असतील, गुण जायला नकोत. पाव तास तरी गेला असेल. शंखवाला धापा टाकत आला, त्याने शंख वाजवला. सगळे उठले, पेंढा झटकला, एकमेकांना वाकले. एक जण उठला नाही. कुणीतरी हसून म्हणालं की न्हावी एवढ्या लवकर मरायला शिकला, गुरूपेक्षा बरा. मग त्यानेच न्हाव्यांच्या तोंडावरची टोपी उचलली.

मी दोनदा त्यांच्याजवळून गेले होते. व्याह्यांचा चष्मा मला ओळखीचा होता. न्हावी चष्मा लावत नव्हते.

व्याही तीन आठवड्यांनी घरी आले. सुनेने त्यांना न्हाव्यांचं हॉस्पिटलमधेच सांगून टाकलं होतं. आता ते येतात, स्वयंपाकघरात बसतात, पात्या निवडून देतात, एका लांबीच्या कापतात, टेबलावर मांडत नाहीत. मोजपट्टी आणत नाहीत. मागच्या महिन्यात मी मुद्दाम एक पोळी फार जाड लाटली. त्यांनी ती खाल्ली. बाकीचे भाले त्यांच्या अंगणात भिंतीला टेकून आहेत, कापून कचऱ्यात द्यायला कुणी धजत नाही. केस मानेखाली आलेत, रबर लावून बांधतात. सून दोनदा म्हणाली, "बाबा, स्टेशनजवळ दुकान आहे, दहा मिनिटांत होतं." ते म्हणतात, मंगळवारी बघू.

न्हावी त्या खाचरात गेले. व्याही वाचले.