गुणगुणणारं चाक

गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं, आणि ते पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"बेअरिंग गेलंय, ताई. चाक कधीही निखळलं असतं. आवाज येत नव्हता का?"

येत होता की. वेग वाढला की गाडी घूंऽऽ करायची. मागच्या सीटवर आईला त्या आवाजाने गाढ झोप लागायची. "गुणगुणतेय बघ तुझी गाडी," म्हणायची आणि डोळे मिटायची. कालचा अख्खा घाट आम्ही असाच उतरलो. ती झोपलेली, आणि डावीकडे दरी.

काढलेलं बेअरिंग त्याने माझ्या तळहातावर ठेवलं. फिरवून पाहिलं, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. सवय झाली की मरणाचा आवाजसुद्धा अंगाईसारखा वाटतो?

नवं बेअरिंग बसलं. बाकड्यावर थांबलेल्या आईला घेऊन निघाले. गाडी अगदी शांत चालली होती. आरशात पाहिलं, तर आई टक्क जागी.

"आज झोपच येत नाही गं," ती म्हणाली.

आणि त्या शांततेत मला तिच्या श्वासातली बारीक घरघर पहिल्यांदाच ऐकू आली. किती दिवसांची होती, कोण जाणे.