सणासुदीचं मुसळ

मसाल्याच्या शेडमध्ये कितीही झाडा, सांजच्याला मिरचीची भुकटी फळीवर पुन्हा बसलेलीच असते. आमच्याकडं गोष्टींचं तसंच आहे. एकीचं सांगून होत नाही तोवर दुसरीचं घडलेलं असतं. परवा एक पाहुणी म्हणाली, "कुसुमबाई, लिहून ठेवा की!" मी चौथी पास. पण चौथी पास बाईनं लिहू नये असा काही कायदा नाही. म्हणून बसले.

आधी माणसं सांगते. मुदखेडला स्टेशनच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही नऊ बाया काळा मसाला करतो. मसाल्याचं नाव 'नऊजणी'. कांडप मशिनीवर हुसेनाबी, पॅकिंगला उदगीरच्या सुशीलाबाई, चुलीवर खोबरं-धणे भाजायला गंगूमावशी आणि सगळ्यांवर ओरडायला मी. माझी पुतणी पल्लवी नांदेडला राहते, कॉम्प्युटर शिकते आणि गाडीनं शेडवर येऊन-जाऊन असते. तिनं आमची वेबसाइट काढली. वर मोठ्या अक्षरात नाव आणि बाजूला उखळ-मुसळाचं चित्र. त्याला लोगो म्हणतात. हे सगळे किस्से त्या लोगोचे.

*

सुरुवात झाली धण्याच्या भावावरून. भाव बघायला मी मोबाईलवर ते सर्चचं पान उघडलं, तर वरची अक्षरं गायब! रोजची लाल-निळी अक्षरं नाहीत, तिथं एक बाई दुर्बिणीला डोळा लावून उभी.

मला वाटलं, मोबाईल बिघडला. बंद केला, चालू केला. बाई तिथंच. तीनदा केलं. शेवटी रिक्षा करून रिपेरिंगच्या दुकानात गेले. पोरगं हसायला लागलं. "मावशी, मोबाईल चांगला आहे. आज त्या बाईचा वाढदिवस आहे, म्हणून चित्र लावलंय."

"मग बाईला सांगायचं ना! माझे रिक्षाचे पैसे गेले!"

शेडवर येऊन सगळ्यांना दाखवलं. पल्लवीनं खालचं वाचलं. कुठल्या तरी परदेशातली, तारे शोधणारी बाई. मरून शंभर वर्षं झाली.

गंगूमावशी चुलीजवळून म्हणाल्या, "मेल्यावर वाढदिवस करतेत व्हय? आमचा तर जित्तेपणी कुणी केला न्हाई." मग जरा थांबून, "कुसुम, माझा दिवस कधी लागंल गं तिथं?"

सगळ्या खो खो हसल्या. मावशी पण हसल्या. मी हसले नाही. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी म्हणलं, "तिथलं मला माहीत न्हाई. पण आपल्या पानावर तुमचा दिवस लागंल. मी लावीन."

तेव्हापासून आमचं मुसळ सणाला नटायला लागलं आणि माझ्या डोक्याला काम लागलं.

*

पहिलीच आली ईद. पल्लवीनं कॅलेंडर बघून आदल्या दिवशी दुपारीच मुसळाच्या टोकावर चंद्रकोर चढवली. झकास दिसत होती.

हुसेनाबीनं बघितलं आणि मशीन बंद केली. "ये क्या है? चाँद दिसला का तुला?"

"कॅलेंडरमध्ये उद्या आहे ना, चाची."

"कॅलेंडर छपानेवाला छतपर चढा था क्या? उतार उसको!"

चंद्रकोर उतरवली. दिवस मावळायला सगळ्या बाया शेजारच्या गच्चीवर. सुशीलाबाईंनी तर चष्मा पुसून पुसून आभाळ बघितलं. दिसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्ची. मग बारीक नखाएवढी कोर दिसली आणि हुसेनाबीनं वरूनच आरोळी ठोकली, "पल्लवी, चढा दे!"

सगळ्या जगाच्या आधी आमच्या पानावर ईद आली होती आणि दहा मिनिटांत रद्द झाली होती!

*

एक जूनला सकाळी सुशीलाबाई नाचतच आल्या. "बघा बघा, माझ्या मोबाईलवर केक! मेणबत्त्यासुद्धा! त्यांनला कसं कळलं?"

पल्लवीनंच सगळ्यांचे अकाउंट आधार कार्ड बघून काढून दिले होते. वाढदिवसाला ते पान ज्याचं त्याला केक दाखवतं म्हणे. मी माझा मोबाईल उघडला. माझ्यावर पण केक! हुसेनाबीनं उघडला. केक! नऊतल्या सहा जणींच्या मोबाईलवर एकाच दिवशी केक!

पल्लवी वेडी व्हायची पाळी. "काकू, तुम्ही सगळ्या एकाच दिवशी कशा जन्मल्या?"

तिला सांगितलं. शाळेत घालायला बाप गेला की गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "पेरणीच्या आधी." की गुरुजींनी लिहिली एक जून. शाळा जूनला उघडायची, त्यांचा हिशोब पक्का बसायचा.

हुसेनाबी म्हणाली, "तू हदगावची, मैं भोकरकी, ये उदगीरकी. मास्तर एकच होता काय सगळ्या मुलखाला?"

आमच्या पानावर त्या दिवशी उखळाचा केक झाला. मेणबत्त्या सहा.

गंगूमावशी शाळेत गेल्याच नव्हत्या. त्यांच्या आधारवर एक जानेवारी. मी समजूत काढायला गेले, "मावशी, तुमच्या दिवसाला तर सगळं जग फटाके उडवतंय की!"

"उडवतंय," मावशी म्हणाल्या. "पण ते माझ्यासाठी न्हाई, एवढं मला कळतंय."

मला गप करणारी ती एकच बाई आहे.

*

पोळ्याला पल्लवीनं नेटवरून बैल आणला. काळा-पांढरा, गुबगुबीत. मुसळाच्या शेजारी उभा केला, गळ्यात घुंगरमाळ घातली आणि मोठ्या कौतुकानं बोलावलं.

गंगूमावशींनी एकदाच बघितलं. "ह्याचं वशिंड कुठाय?"

"काय आज्जी?"

"खांद्यावरचं वशिंड गं! जू कशावर ठेवणार ह्याच्या? माझ्या पोटावर?"

शेडमधल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. खरंच वशिंड नव्हतं! परदेशी जनावर. सुशीलाबाईंनी आणखी खाली वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं माय! हा बैल पण न्हाई. ह्याला कास हाय!"

पोळ्याच्या दिवशी आम्ही परदेशी गायीला घुंगरमाळ घालून उभं केलं होतं! तासभर ती तशीच होती. लातूरच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेजपण आला होता, 'दूध किती देते?'

मी पल्लवीला हाताला धरून शेजारच्या वाडीवर नेलं. तांबडा कंधारी बैल दाखवला, शिंगं दाखवली, वशिंड दाखवलं. म्हणलं, "हे बघून काढ. हे होईपर्यंत जेवण न्हाई." पोरगी रडली, पण असा बैल काढला की त्याचा मालक प्रिंट मागायला आला.

*

सतरा सप्टेंबरला मी मुद्दाम सकाळी सकाळी ते सर्चचं पान उघडलं. कोरं! नुसती रोजची अक्षरं. पंधरा ऑगस्टला एवढं सजवलं होतं आणि मराठवाड्याच्या मुक्तिदिनाला काहीच नाही!

"पल्लवी, लिही त्यांना."

"काकू, ते वाचणार नाहीत."

"वाचतील न वाचतील, तू लिही. म्हणावं, सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला देशात झेंडा लागला तेव्हा आमच्याकडं निजामच होता. आम्हाला आणखी वर्षावर एक महिना थांबावं लागलं. आमचे लोक तुरुंगात गेले, मार खाल्ला. आज तुमचं पान कोरं कसं?"

"इंग्रजीत लिहू का?"

"मराठीत! इंग्रजीत माझा राग निम्मा होतो."

उत्तर आलं नाही. आमच्या मुसळावर झेंडा मात्र दिवसभर फडकला. पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. "आज काय आहे हो? झेंडा कसला?"

मी म्हणलं, "आज आम्ही तुमच्यात आलो. उशीर झाला, पण आलो."

*

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्याच एका मोठ्या दुकानाच्या साहेबांचा फोन. मसाला आवडला होता. पण म्हणाले, "मॅडम, एक अट आहे. तुमचा लोगो सारखा बदलता, ते बंद करा. ब्रँड एकच दिसला पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक ओळखणार कसं?"

बाया माझ्याकडं बघायला लागल्या. ऑर्डर मोठी होती. सुशीलाबाई हातानं खुणा करत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. पण गंगूमावशींचा दिवस अजून लागायचा होता. एकदा हो म्हणलं असतं तर पुन्हा कधी लावणार होते मी?

मी विचारलं, "साहेब, घरी मंडळी आहेत?"

"आहेत."

"रोज एकच साडी नेसतात का?"

"नाही."

"मग सांजच्याला घरी गेल्यावर ओळखता कशा?"

मला वाटलं, गेली ऑर्डर. मग आवाज आला, "पन्नास किलो पाठवा."

*

थंडीत मावशींच्या पोराचा निरोप आला. हैदराबादला असतो. आईचे गुडघे गेलेत, आता चुलीपुढं बसू देणार नाही, सोमवारी न्यायला येतो.

वार होता मंगळवार. माझ्या हातात सहा दिवस.

मी बुधवारी हिमायतनगरला गेले. मावशींचं माहेर तिथलं. त्यांची एक चुलती अजून आहे, नव्वदीच्या घरात. तिच्या कानाजवळ ओरडून विचारलं, "गंगूचा जन्म कधीचा?"

म्हातारीला लगेच आठवलं! मला हुरूप आला.

"आमची म्हैस व्याली ना, त्याच दिवशी."

"म्हैस कधी व्याली?"

"गंगू झाली तवा."

पुढं तासभर बसले. एवढंच मिळालं. गाडी पकडून परत आले.

गुरुवारी शेडमध्ये येऊन सरळ सांगितलं, "मावशी, तारीख सापडली न्हाई. आता वर्षातला कुठला पण दिवस तुमचा. बोला."

सुशीलाबाई म्हणाल्या, "पाडवा घ्या." मावशी म्हणाल्या, "तो देवाचा." हुसेनाबी म्हणाली, "मेरे साथ एक जून ले लो, सात मोमबत्ती." मावशी म्हणाल्या, "तुमच्या गर्दीत मला कशाला बसवता?" पल्लवीनं कॅलेंडर पुढं धरलं. प्रत्येक चौकोनात कुणी ना कुणी होतंच.

मावशींनी कॅलेंडर बाजूला सारलं. "उद्याचा लाव."

"उद्या काय आहे आज्जी?"

"उद्या मी हाय."

*

पल्लवी त्या दिवशी लवकरच्या गाडीनं गेली आणि घरी बसून काढत राहिली. शुक्रवारी सकाळी पानावर 'नऊजणी' अक्षरं, आणि मुसळाच्या जागी चुलीपुढं बसलेल्या गंगूमावशी. हिरवं लुगडं, हातात उलथनं, कढईत खोबरं. नाकातली फुलीसुद्धा!

मावशी आल्या. आम्ही आठ जणी कॉम्प्युटरभोवती. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला. लई वेळ बघत राहिल्या.

"नाक बरं काढलंस," मावशी म्हणाल्या. "पण चूल इझलेली हाय की."

"अं?"

"कढईत खोबरं हाय आन् खाली जाळ न्हाई. लोकं म्हणतील, गंगू नुसती बसून राहायली."

पल्लवीनं जाळ काढला.

"एवढा? खोबरं करपंल."

पल्लवीनं कमी केला.

"हाव. आता बरोबर." आणि उठून आपल्या चुलीकडं गेल्या. धणे भाजायचे राहिले होते.

दिवसभर माझा फोन वाजत होता. "त्या आजी कोण?" मी सांगायचे, "आमच्या गंगूमावशी." "वाढदिवस आहे का?" "वाढदिवस न्हाई. दिवस आहे." एका बाईनं तर मावशींच्या हातचा म्हणून दोन किलो जास्तीचा मागवला. मावशींना सांगितलं की त्या नुसतं "हूं" करायच्या, पण पदर दर वेळी नीट करायच्या.

सहा वाजले. मावशींनी हात धुतले, पिशवी घेतली. पल्लवीची नांदेडची गाडी होती, त्याआधी रोजचं मुसळ परत लावायचं होतं. तिचा हात काही पुढं जाईना.

"आज्जी, राहू दे का? सोमवारपर्यंत तरी?"

"राहू दे, राहू दे!" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो. मी सगळ्यांत मोठ्यानं.

"नको," मावशी म्हणाल्या. "माझा दिवस झाला. उतरव."

मी काही बोलणार होते. मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि मी गप बसले. पल्लवीनं माऊस धरला.

"थांब!"

पल्लवी थांबली. मावशी परत कॉम्प्युटरजवळ आल्या, वाकल्या आणि काचेवर बोट ठेवलं.

"आधी ती चूल इझव."

पल्लवी माझ्याकडं बघायला लागली.

"माझ्याकडं काय बघतीस?" मी म्हणलं. "इझव की!"