मोहरीएवढं छिद्र

सातपूरची आमची कंपनी बंद पडली तेव्हा माझा नवरा टूलरूममध्ये टर्नर होता आणि मी त्याच कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. गेटला कुलूप लागल्यावर ह्यांनी एक जुना छोटा लेथ विकत घेतला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. सुरुवातीला पंपाचे बुश, कुणाच्या तरी मळणीयंत्राचा तुटलेला दांडा, अशी कामं यायची. मग एके दिवशी वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात ह्यांना शिडाच्या लढाऊ जहाजावरच्या तोफेचं चित्र सापडलं. मापांसकट होतं. त्याची झेरॉक्स घेऊन हे घरी आले आणि माझ्यासमोर टेबलावर पसरून म्हणाले, "बारा पट लहान करून काढशील?"

मी काढलं. नऊ इंच लांबीची तोफ झाली. ती विकली गेली आणि तशाच आणखी तोफांची मागणी येऊ लागली.

त्या कामात आमची वाटणी ठरून गेली. पितळेची नळी ह्यांची, बाकी सगळं माझं. सागाच्या तुकड्यांतून तोफेखालचा पायऱ्यापायऱ्यांचा गाडा करायचा, त्याला चार बुटकी चाकं बसवायची. चिंचोक्याहून लहान कप्प्या कोरायच्या. सुती दोऱ्याला पीळ घालून दोर वळायचे आणि ते जुने दिसावेत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. खऱ्या जहाजावर तोफ उडाली की धक्क्याने मागे यायची, ती ह्याच दोरांनी अडायची. आमची तोफ कुठे मागे येणार होती? तरी मी दोर ओढून ओढून बघायचे.

ह्यांचा एक हट्ट होता. नळी आतून पूर्ण पोकळ हवी आणि मागच्या अंगाला तोफेचा कान, म्हणजे बत्ती द्यायचं बारीक भोकही आरपार हवं. मी म्हणायचे, "शोकेसमध्ये ठेवायची वस्तू. तोंडाशी इंचभर पोखरलं तरी कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," हे म्हणायचे.

पितळेच्या तयार दांड्यातून तोफा कातणं परवडेना, तेव्हा ह्यांनी जुन्या नाशकातल्या एका ओताऱ्याकडून पितळ ओतून आणायला सुरुवात केली. भंगारातले नळ, फुटकी घंगाळी, काय वाटेल ते त्या मुशीत जायचं. अशाच एका ओतीव तुकड्यावर काम चालू असताना लेथ मधेच बंद झाल्याचा आवाज आला. मी शेडमध्ये गेले तर हे भिंग लावून बसलेले. तोफेच्या जाड भागावर, कानापासून अर्ध्या इंचावर, मोहरीएवढा काळा ठिपका होता. ह्यांनी त्यात टाचणी घातली. टाचणी निम्मी आत गेली.

ओतताना हवा अडकली की धातूच्या पोटात असा फुगा राहतो. कंपनीत असा तुकडा सरळ लाल रंगाचा पट्टा मारून बाजूला टाकायचे. हे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आठ दिवसांचं काम झालं होतं आणि गिऱ्हाईक थांबलं होतं.

"झाळ भरतो," हे म्हणाले. "शोभेचीच तर आहे."

त्यांनी कथील वितळवून झाळ भरली, कानसली, आणि पॉलिश करायला माझ्याकडे दिली. मी दोन दिवस घासली. शेवटी बोट फिरवून मलाच जागा सापडेना. मला तेव्हा आनंद झाला होता, हे मला लिहायला हवं.

ती तोफ इगतपुरीच्या एका कप्तानसाहेबांनी घेतली. व्यापारी जहाजांवर आयुष्य घालवून ते निवृत्त झाले होते आणि घाटमाथ्यावर बंगला बांधून राहत होते. न्यायला स्वतः आले. माझी एकेक कप्पी फिरवून बघितली, दोराच्या गाठी बरोबर असल्याचं सांगितलं, आणि तोफ पोटाशी धरून गाडीत बसले.

चार महिन्यांनी, भर पावसाळ्यात, एका गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. हे बाहेर गेले होते. मीच घेतला.

"बाई, रविवारी माझा साठावा वाढदिवस. तुम्ही दोघांनी यायचंच. तुमच्या तोफेची सलामी आहे."

मला वाटलं नुसती मांडून ठेवणार असतील. मी विचारलं, "सलामी म्हणजे?"

"अहो, वाजवली मी! सुतळी बॉम्बची दारू काढून दोनदा थोडी थोडी भरून पाहिली. काय दणका देते! रविवारी पुरी भरणार. तीन बार."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. हे आल्यावर मी सांगितलं. हे मोरीत हात धुवायला गेले आणि पाणी वाहत ठेवून तसेच उभे राहिले.

"आत्ताच्या आत्ता फोन करा," मी म्हणाले.

केला. लागला नाही. शुक्रवारी दिवसभर नाही, शनिवारीही नाही. इगतपुरीला पाऊस वाढला की लाइन जायचीच. शनिवारी संध्याकाळी हे म्हणाले, "काही होणार नाही गं. दोनदा उडाली ना?" आणि थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता, "सकाळची पहिली एसटी पकडू."

पहिली एसटी आली नाही. दुसरीत उभ्याने निघालो. घोटीच्या पुढे एक ट्रक आडवा झाला होता, तिथे दीड तास गेला. काचेबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. हे सारखं घड्याळ बघत होते. अकराची वेळ दिली होती. इगतपुरीला उतरलो तेव्हा पावणेबारा झाले होते.

बंगल्याचा चढ चढत असताना आवाज झाला.

धुक्यात तो कुठून आला तेच कळेना. हे जागच्या जागी थांबले. मग टाळ्या ऐकू आल्या, हसणं ऐकू आलं, आणि हे पळत सुटले. छत्री रस्त्यातच पडली.

व्हरांड्यात वीसेक माणसं होती. कठड्यावर तोफ मांडलेली. कप्तानसाहेब दुसऱ्यांदा दारू भरून उभे होते आणि पेटलेली उदबत्ती आपल्या बायकोच्या हातात देत होते. "ह्या वेळी तू," असं काहीतरी म्हणत होते. त्या बाई हसत, अंग चोरत तोफेवर वाकल्या होत्या. चेहरा नेमका झाळ भरलेल्या बाजूला.

ह्यांनी शेजारच्या माणसाच्या हातातला पाण्याचा ग्लास ओढून घेतला आणि तोफेच्या तोंडात ओतला. उरलेलं कानावर.

"मिस्त्री, हे काय?" कप्तानसाहेब म्हणाले.

"साहेब, मी खोटं काम केलंय. ह्यात छिद्र होतं. झाळ भरून दिलंय."

"कुठे?" त्यांनी नळीवर अंगठा फिरवला. "मला तर काही दिसत नाही."

सरबतासाठी चिरलेली लिंबं ताटात होती. ह्यांनी एक फोड घेऊन ती जागा घासली. पितळ पिवळंधमक उजळलं आणि मध्ये तो ठिपका पांढरट राहिला. कप्तानसाहेबांनी चष्मा वर करून डोळा जवळ नेला. ठिपक्यापासून कानापर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. ती आम्ही दिली तेव्हा नव्हती.

त्यांच्या बायकोने उदबत्ती कठड्यावर टेकवली आणि मागच्या खुर्चीवर बसल्या. कप्तानसाहेब माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "पॉलिश मीच केली."

आम्ही लगेच निघणार होतो, पण त्या बाईंनी जेवायला बसवलं. वाटीतली खीर मी पाण्यासारखी प्यायले. निघताना तोफ एका जुन्या टॉवेलात गुंडाळून बाईंनी ह्यांच्या हातात दिली.

परतीच्या एसटीत जागा मिळाली. वाडीवऱ्हे मागे पडेपर्यंत हे मांडीवरच्या गाठोड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्याच मुशीतल्या रसातून अजून एक तोफ ओतली होती."

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. "तिच्यात होतं का?"

"दिसलं नव्हतं."

ती दुसरी मुंबईच्या एका प्रदर्शनात विकली गेली होती. भरवणाऱ्यांना आम्ही पत्रं लिहिली, हे दोनदा जाऊनही आले. गिऱ्हाइकांची नावं कुणी लिहून ठेवली नव्हती. पेपरात छोटी जाहिरात दिली, त्यावर एका माणसाचा फोन आला, तर त्याला नवी तोफ हवी होती. ह्यांनी नंतर तोफा केल्याच नाहीत. पिंपळगावला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मशीन दुरुस्तीची नोकरी धरली आणि दहा वर्षं केली. लेथ विकला. मी शिवणाचे क्लास सुरू केले.

हे कधीतरी जेवताना विचारतात, "ती तोफ नेणारा माणूस दिसायला कसा होता गं?" प्रदर्शनातल्या स्टॉलवर त्या वेळी मी एकटीच होते, हे चहा प्यायला गेले होते. मी सांगते, आठवत नाही. ते खरंच आहे. चेहरा आठवत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून देताना त्याने काय विचारलं ते मात्र आठवतं, आणि ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

"वाजते का हो ही?" त्याने विचारलं होतं.

"वाजते की," मी म्हणाले होते, आणि हसलेही होते.