रखमाच्या गळ्यातला रावजी

अनुपमाबाईंनी रखमाला पहिल्यांदा पाहिलं ते एप्रिलच्या टळटळीत उन्हात. ती घोंगडी पांघरून बसली होती.

सत्त्याण्णव साल, पटनोंदणीचे दिवस. कापडे गावच्या शाळेतून बाई वरच्या वाडीवर चढल्या होत्या, शाळेत न घातलेली मुलं शोधायला. शेवटच्या घराच्या अंगणात, सावली सोडून मुद्दाम उन्हात, ही भिंतीला टेकून बसलेली. वय पंचविशीचं असेल. चेहरा मात्र सुजून गुळगुळीत झालेला, पापण्या जड, भुवया बाहेरच्या टोकाला विरून गेलेल्या. बाईंनी पाणी मागितलं. ती नुसती बघत राहिली. इतका वेळ, की बाईंना वाटलं, हिला ऐकू येत नसावं. मग तिचे ओठ हलले आणि खर्जातला, घोगरा, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला,

"बसा."

अनुपमाबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

घरातून तिची सासू ठमाबाई तांब्या घेऊन आली. "भिऊ नका, बाई. आमचे हे बोलतात."

"हे म्हणजे?"

"हिचा सासरा. रावजी. तीन वर्सा झाली जाऊन."

मालक शेतावर गेलेत, असं एखादीनं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली. बाईंनी तांब्या तोंडाला लावला. झऱ्याचं पाणी होतं, गार आणि नितळ, आणि त्याला कसलीच चव नव्हती. पाणी पितानाही त्या रखमाकडेच बघत होत्या. तिची पापणी लवायला फार वेळ लागत होता.

पुढे हळूहळू सगळं कळत गेलं. रावजीचा सुनेवर फार जीव होता. पोलादपूरच्या बाजारातून तो सुकट आणायचा आणि निखाऱ्यावर भाजून पहिला घास तिला द्यायचा. तो गेला तेव्हा बाराव्याला ठमाबाईनं सुनेला सांगितलं, "त्यांच्या नावानं काय तरी सोड. सुकट सोड, त्यांची आवडती." रखमानं सुकट सोडली, बोंबील सोडले, ओला मासा तर वाडीवर येतच नव्हता. तिचा नवरा सहदेव मुंबईला एका गोदामात होता, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. त्या तीन वर्षांत दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. मग ती मंदावत गेली. केस गळाले, अंग जड झालं, भर वैशाखात तिला हुडहुडी भरू लागली. आणि आवाज उतरत उतरत असा खाली गेला, की एका सकाळी चुलीपाशी तिनं "ठमे" अशी हाक मारली. ठमाबाईच्या हातातलं भांडंच पडलं. त्या नावानं तिला एकच माणूस हाक मारायचा.

तेव्हापासून लोक येऊ लागले. हरवलेली म्हैस, बांधाचं भांडण, पोराची नोकरी. रखमा बघत राहायची. बऱ्याच वेळानं, विहिरीच्या तळातून पोहरा वर यावा तसा, एखादा शब्द यायचा. "वरती." "थांब." "नको."

"रावजीच हाय," शेजारचा चांगू म्हणायचा. "जित्तेपणी तरी कुठं दोन शब्द जोडून बोलला? फकस्त तवा बिडी मागायचा, आता नारळ घेतो."

"तुझा नारळ परत ने, मेल्या," ठमाबाई फणकारायची. पण हसायची.

अनुपमाबाई मात्र जून उजाडला तरी त्या वाडीवर जात राहिल्या. रखमा पदर नीट करत असताना एकदा त्यांना तिचा गळा दिसला. पोतीच्या खाली, कबुतराच्या छातीसारखा फुगलेला. त्या महाडला राहत. तिथल्या डॉक्टर देवधरांना त्यांनी विचारलं. ते म्हणाले, "न बघता काय सांगू? पण लवकर आणा. असं माणूस थंड होत होत एक दिवस झोपतं, ते उठत नाही."

बाईंनी हे ठमाबाईला जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"औषधानं आवाज जाईल?"

"जाईल. तिचा तिला परत येईल."

"मग ह्यांचा?"

बाई सुपातले खडे वेचू लागल्या.

"एकदा पोचवलाय मी त्यांना," ठमाबाई म्हणाली. "तुमी दुसऱ्यांदा पोचवायला आलाव काय?"

बाईंनी जाताना पुडीचं मीठ पुढे केलं. तेही तिनं बोटानं मागे सारलं. "आमचा खड्याचा बरा. ह्यात सरकारनं पोरं बंद करायचा औषध घातलंय म्हनतात."

खाली उतरताना बाईंना पाठीवर नजर जाणवली. वळून पाहिलं तर रखमा दारात उभी होती. हात हलवत नव्हती, बोलावत नव्हती, नुसती उभी.

श्रावणात वाडीवरची मुलं सांगत आली, रखमा आता दिवसासुद्धा उठत नाही. बाई शाळा सुटताच वर गेल्या. दुपारचं धुकं घरात शिरलेलं. रखमा चुलीला अगदी चिकटून झोपली होती, जवळ निखारे फुललेले, आणि तिचा हात हातात घेतला तर दगडासारखा गार. बाईंनी हलवलं, हाका मारल्या. छाती हलत होती, एवढंच.

ठमाबाई उशाशी बसली होती. ती बराच वेळ सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं डोक्यावरून पदर घेतला, नवऱ्यासमोर घेत असेल तसा, आणि खाली वाकली.

"अवो," ती म्हणाली. "ऐकताव ना? बाई आल्यात. पोरीला खाली नेऊ म्हनतात. तुमीच सांगा. नेऊ का नको?"

कौलांवर पाऊस वाजत होता. बाईंना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. कितीतरी वेळ काही झालं नाही. ठमाबाई तशीच वाकलेली. मग रखमाचे डोळे मिटलेलेच असताना तो आवाज आला, पूर्वीपेक्षाही खालून.

"ने, ठमे. लय थंडी हाय हितं."

ठमाबाई उठली आणि दारात जाऊन ओरडली, "चांगू! अरे डोली बांधा रे!"

चौघांनी रखमाला चिखलातून कापड्यापर्यंत उतरवलं, तिथून जीपनं महाडला. देवधरांनी तिला लागलीच दाखल करून घेतलं, रक्त तपासणीला मुंबईला पाठवलं. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ थांबली होती. ग्रंथीला आयोडीन लागतं, ते म्हणाले. डोंगरावरच्या मातीतलं पावसानं धुऊन जातं, झऱ्याच्या पाण्यात नसतं, खड्याच्या मिठात नसल्यासारखंच; पुडीच्या मिठात मुद्दाम घालतात. "समुद्राचं जे थोडं तुमच्या वाडीवर चढत होतं, ते सुकटीतून. हिचं तेवढंही तुटलं. सगळ्यांना असं होत नाही; हिची ग्रंथी आधीच कमजोर असेल. पण ते तुटणं हिला बाधलं."

ठमाबाई खाटेच्या कडेला हात ठेवून उभी होती. "मीच सोडायला लावली," एवढंच ती म्हणाली. रखमाला घरी सोडलं त्या दिवशी तिनं बाजारातून सुकटीचा वाटा घेतला आणि पुडीचं मीठही. घरी आल्यावर निखाऱ्यावर सुकट भाजून पहिला घास तिनं स्वतः रखमाच्या तोंडात घातला. "त्यांनीच नेम सोडवलाय तुझा," ती म्हणाली. "खा."

गोळ्या चालू होत्या. सूज ओसरली, पापण्या हलक्या झाल्या. आवाज मात्र सावकाश गेला. ठमाबाई रोज संध्याकाळी सुनेजवळ बसून तिला उगाच काहीतरी विचारायची. भात निवला का? कोंबड्या झाकल्यास? उत्तर येताना ती मान किंचित तिरकी करून ऐकायची. लोक नारळ घेऊन आले की म्हणायची, "आता नाय बोलत ते. जावा."

दिवाळीच्या सुमारास अनुपमाबाई वर गेल्या, तेव्हा रखमा अंगण सारवत होती. "आत्या, बाई आल्यात गो!" तिनं हाक मारली. स्वच्छ, बारीक, कोवळी हाक. ठमाबाई दारात आली. क्षणभर तिथंच थांबली. मग झऱ्याकडे गेली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेऊन, जवळचं माणूस गेल्याची बातमी आल्यावर करतात तशी अंघोळ करून परत आली.

"रखमा," बाईंनी हळूच विचारलं, "त्या दिवशी 'ने' म्हणालीस, ते तुला आठवतं?"

रखमानं सारवणाचा हात थांबवला. "ते मी नाय बोलले, बाई. मी आतून आइकत होते."

बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही.

ठमाबाई पुढे सात-आठ वर्षं होती. रखमा आता कापड्याच्या शाळेत मुलांचा दुपारचा भात शिजवते, आणि तिची मुलगी दर्शना त्याच शाळेत चौथीत आहे.