आजारी न पडलेली मुलगी

हे मी कोणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्यासोबत चहा घेतो त्या दोघा-तिघांपाशीही नाही. दोनदा सुरुवात केली होती — एकदा तर तोंड उघडलंही होतं — पण मग उन्हाबद्दल काहीतरी बोललो आणि वेळ मारून नेली. आता थकलोय. लपवून ठेवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते माझ्याकडे फारसं उरलेलं नाही.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पांढरकवड्यात माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, बारशी. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि मी काउंटरवर माश्या मारत बसू लागलो. दोन वर्षं तशीच काढली. शेवटी यवतमाळच्या एका मित्राकडून नवं काम शिकलो — दुकानांची पेजं करायची, रील काढायच्या, फोनमधल्या नकाशावर दुकान टाकायचं, लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवर आणि रिव्ह्यूंवर लक्ष ठेवायचं. ज्या फोननं माझं दुकान बसवलं, त्याच फोनवर मी पोट भरू लागलो.

आमचं हायवेचं गाव. नागपूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी जेवायला कुठे थांबणार, हे पूर्वी ढाब्यासमोर उभे असलेले ट्रक बघून ठरायचं. आता मागच्या सीटवरचं कोणीतरी फोन बघून ठरवतं. यात मी खोटं काही सांगत नव्हतो. कापडवाला, बी-बियाणांचं दुकान, दोन ढाबे — सगळ्यांना मी हेच पटवत फिरायचो, की फोनमध्ये नसाल तर तुम्ही नाहीच. बहुतेकांना पटायचं. एकाला पटलं नाही.

देविदासभाऊ. हायवेला लागून टिनाच्या शेडमध्ये त्यांचं भोजनालय. चार टेबलं, बाहेर बसायला दोन बाजा. शोभावहिनी चुलीपाशी, देविदासभाऊ वाढायला. भाकर, ठेचा, वांग्याची भाजी आणि पाटोडीचा रस्सा. बेसन शिजवून ताटात थापायचं, वरून खोबरं, खसखस, सांबार — तुमच्याकडची कोथिंबीर — भुरभुरायचं, वड्या पाडायच्या आणि वाढताना झणझणीत रश्शात सोडायच्या. दुपारी एकच्या सुमारास पाटोडी संपलेली असायची. मी स्वतः ती किती वेळा खाल्ली असेल, सांगता येणार नाही.

त्यांच्याकडेही मी पेजचं विचारायला गेलो. दहा-बारा जण जेवत होते. देविदासभाऊंनी हातातली रश्शाची बादलीसुद्धा खाली ठेवली नाही. हसून म्हणाले, "कायले लागते भाऊ? भूक लागली का मानूस येतेच. फोटोनं कोनाचं पोट भरते?" सगळे हसले. त्यात कुचकेपणा नव्हता हो. त्याच दमात त्यांनी मला बसवलं आणि जेवू घातलं. पण ते वाक्य गावभर झालं. कापडवाल्याकडे गेलो की तो म्हणायचा, देविदासचं कुठे पेज आहे? तरी दुपारी बसायला जागा मिळते का? आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

उत्तर नसणं — एवढी साधी गोष्ट माणसाला इतकी झोंबावी?

गंमत अशी — गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही — की देविदासभाऊ फोनमध्ये होतेच. त्यांनाच ते माहीत नव्हतं. कोण्या येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्यांचं भोजनालय नकाशावर टाकलं होतं, आणि त्याखाली लोक लिहीत गेले होते. हैदराबादच्या एका माणसानं लिहिलं होतं की दर खेपेला इथेच थांबतो. एका बाईनं लिहिलं होतं की ही पाटोडी खाल्ली आणि गेलेल्या आईचा हात आठवला. असं बरंच. मी ते सगळं एका दुपारी वाचलं. लाइट गेली होती, पंखा बंद, दुकानात चिटपाखरू नव्हतं. वाचून बरं वाटायला हवं होतं ना? मला राग आला.

त्याच बैठकीत मी एक खोटं खातं उघडलं. नाव नागपूरचं वाटेल असं ठेवलं. एक तारा दिला आणि लिहिलं — कुटुंबासोबत थांबलो होतो, पाटोडीला आंबूस वास होता, आमच्या पाच वर्षांच्या मुलीला उलट्या सुरू झाल्या, सलाइन लावावं लागलं, लहान मुलं सोबत असतील तर इथे थांबू नका.

पाच वर्षांची मुलगी मला कुठून सुचली? लांब जावं लागलं नाही. माझी मीनू तेव्हा पाच वर्षांची होती आणि त्याच आठवड्यात तिला उलट्या झाल्या होत्या, कोणाच्या तरी लग्नातल्या बासुंदीनं. सलाइनही तिलाच लागलं होतं. सगळा माल घरचाच होता.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एक खोटा रिव्ह्यू? असे तर रोज लाखानं पडत असतील. मलाही तेच वाटलं होतं. महिनाभरानं पुसून टाकू, असं मी ठरवलंही होतं. आणि खरं सांगू का, इथपर्यंतचं कबूल करणं सोपं आहे. पुढचं जड जातं.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. गाड्या शेडसमोर हळू व्हायच्या, आतले लोक फोनमध्ये बघायचे आणि गाडी पुढे निघून जायची. मी हे समोरच्या पानटपरीवर उभा राहून पाहिलंय. मग एका गाडीवाल्यानं देविदासभाऊंना सांगितलं की तुमच्याबद्दल वाईट लिहिलंय, कोणाची तरी मुलगी आजारी पडली म्हणे. देविदासभाऊंचा फोन बटनांचा. ते कोणाकडे येणार? गावात फोनमधलं कळणारा माणूस कोण?

सकाळी दुकान उघडतानाच दोघं आले. शोभावहिनी माझ्याकडे पहिल्यांदाच येत होत्या. फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर पदर सावरून बसल्या. देविदासभाऊ म्हणाले, "भाऊ, वाचून दाखवा. काय लिवलं हाये ते."

मी वाचून दाखवलं. माझंच लिहिलेलं, माझ्याच आवाजात. अडखळलोही नाही.

ते चिडतील, खोटं आहे म्हणतील, कोणी लिहिलं ते शोधा म्हणतील — या सगळ्याची तयारी मी करून ठेवली होती. पण वहिनींनी एवढंच विचारलं, "पोर आता कशी हाये?"

ते काही लिहिलेलं नाही, मी म्हणालो.

"मंग पत्ता काढता येते का? भेटून येऊ आमी. आपल्या इथलं खाऊन लेकरू पडलं त पाहाले जा लागते ना."

आमच्याकडे ही रीतच आहे. आपल्या दारी खाऊन कोणाला काही झालं तर नारळ आणि बिस्किटाचा पुडा घेऊन बघायला जायचं. चूक कोणाची, ते मागाहून. ती मुलगी मुळात नसेलच, अशी शंका दोघांच्याही मनाला शिवली नाही. लेकराच्या दुखण्याचं कोणी खोटं लिहील, हे त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. ते मला सुचलं होतं.

पत्ता निघत नाही, असं मी सांगितलं.

आणि आता ते जड जाणारं. फोन माझ्या हातात होता. बोट थोडं वर सरकवलं की खाली ते सगळे होते — हैदराबादचा माणूस, आई आठवलेली ती बाई, बाकीचे. वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांच्या हाताबद्दल परक्या लोकांनी काय काय लिहून ठेवलंय, हे त्यांना तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. देविदासभाऊंनी विचारलंही, "आनखी काही लिवलं हाये का कोनं?" आणि मी म्हणालो, "नाही. एवढंच आहे."

हे ते. रिव्ह्यू मी रागात लिहिला होता, समोर कोणी नसताना. हे मात्र मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, थंडपणे बोललो. का? चांगलं वाचलं असतं तर त्यांना धीर आला असता, आणि धीर आला असता तर माझी गरज उरली नसती. असं असेल. नक्की काय ते मलाही सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी त्यानं काय फरक पडणार आहे?

जाताना वहिनी पायरीवर थांबल्या आणि त्यांनी पाटोडी सोडली. आमच्या बायका असं सोडतात — कोणी गूळ, कोणी भात — देवाकडे मागितलेलं मिळेपर्यंत तो जिन्नस तोंडात घालायचा नाही. वहिनींनी तर करणंही सोडलं. "ते पोर बरी झाल्याचं कानावर येत नाही तोवर माह्या हातानं पाटोडी नाही," म्हणाल्या.

मी त्यांचं पेज करून दिलं, फुकट. गावानं माझं कौतुक केलं. मी भाकर थापणाऱ्या हातांच्या रील काढल्या, चुलीच्या काढल्या. लोक खाली विचारायचे, पाटोडी बंद का? मी हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा व्हायचो. त्या दोघांना वाचून दाखवणारा मीच, म्हणून मी सांगेन तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचायचं. वहिनी दर वेळी त्या मुलीच्या घरच्यांबद्दल विचारायच्या, "काही आलं का त्याइचं?" पहिल्या वर्षी दर आठवड्याला, पुढे सणावाराला.

एक ओळ लिहायची होती मला. त्याच खोट्या नावानं, मुलगी आता बरी आहे. आणखी एक खोटं, पण ते तरी कोणाच्या कामाचं. तेही लिहिलं नाही. दोघं पत्ता मागतील, बोलायचं म्हणतील, अशी भीती होती. आणि दुसरं कारणही सांगून टाकतो — त्यांचं उदाहरण मला उपयोगाचं पडत होतं. नाव न घेता मी दुकानदारांना सांगायचो, एका रिव्ह्यूनं काय होतं बघा. त्यावर कापडवाल्यानं पेज केलं. त्याच्या भावानंही केलं.

गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. वहिनी मात्र पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. कढई उतरली की आधी स्वतः वाटीभर खायच्या, घटकाभर थांबायच्या, मगच वाढू द्यायच्या. लहान लेकरू घेऊन कोणी आलं की चुलीपासून उठून शेडच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. ते लोक जेवून उठेपर्यंत परत यायच्या नाहीत. हे मी चार वर्षं पाहिलं.

या हिवाळ्यात मी तो रिव्ह्यू पुसला. उपरती झाली म्हणून नाही. व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत बोलायला गेलो होतो, तिथे कोणीतरी विचारलं की खोटा रिव्ह्यू टाकणारा सापडतो का, आणि दुसरा म्हणाला, तक्रार केली की सापडतो. मी दुकानात आलो, शटर अर्धं ओढलं आणि पुसून टाकला. घाबरलो म्हणून.

संक्रांतीला वहिनींनी तिळगूळ दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, त्यांनी ते लिहिलेलं काढून टाकलंय.

वहिनींनी तिळगुळाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे पोर बरी झाली. त्याबिगर बाप कायले काढन?" मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. सोडलेलं फेडायचं तर कुमारिका जेवू घालायची. वहिनींनी बोटांवर हिशेब केला. "ते आता नऊ वर्षाची असन. तुमची मीनू तेवढीच हाये ना?"

शुक्रवारी त्यांनी दुपारचं भोजनालय बंद ठेवलं. शेडमध्ये पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मीनूचे पाय धुतले, कुंकू लावलं. चार वर्षांनी पाटोडी केली होती. कुमारिकेच्या आधी कोणी खायचं नसतं, म्हणून त्या दिवशी वहिनींनी न चाखता वाढलं. थोडा रस्सा ताटाबाहेर सांडला. मीनूनं एक घास घेतला, तिखट लागलं म्हणून पाणी प्याली आणि जेवत राहिली. दुसऱ्यांदा मागून घेतली. वहिनी तिच्या पायांशी वाकल्या त्या लवकर उठल्याच नाहीत. देविदासभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यामुळं झालं भाऊ हे," म्हणाले. मी तिथे उभा होतो. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायचं होतं.

निघताना वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सकाळी फोन करजा. पोट-गिट दुखलं का पोरीचं, सांगजा मले."

सकाळी मीनू शाळेत गेल्यावर मी फोन केला. म्हणालो, मुलगी बरी आहे. पलीकडे ट्रकांच्या आवाजात वहिनींनी देविदासभाऊंना हाक मारून ते सांगितलं. मग वहिनी म्हणाल्या, "मंग आज टाकते पाटोडी."

आता रोज असते. परवा मीही खाल्ली. वहिनी आता लेकरांना स्वतः वाढतात. हैदराबादच्या माणसाचा आणि त्या बाईचा रिव्ह्यू अजून तिथेच आहेत. मी ते वहिनींना वाचून दाखवलेले नाहीत.