काकूंचं तिएतोकोने

शांती नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू कॉम्प्युटरकडे कधीच पाठ करून बसत नसत. त्यांच्या मुलाने, निखिलने, फिनलंडला नोकरीसाठी जाताना तो घेऊन दिला होता. रविवारी दुपारी निखिल त्यावर दिसायचा. काकूंना माऊस जमत नसे, म्हणून कॉल लावून द्यायला मी जायचे.

काकूंना शब्दांची हौस फार. भाजीवाल्याकडून हिंदी, खालच्या मजल्यावरच्या बेनकडून गुजराती शब्द उचलायच्या. निखिललाही विचारायच्या, "तिकडे ह्याला काय म्हणतात रे?" एकदा त्यांनी कॉम्प्युटरवरच बोट ठेवलं.

"तिएतोकोने," तो म्हणाला. "तिएतो म्हणजे ज्ञान, कोने म्हणजे यंत्र. पण कोने हा शब्द यंत्रांच्याही आधीचा आहे, आई. पूर्वी मांत्रिकाच्या मंत्रतंत्राला तसं म्हणायचे."

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"आपलं तरी काय वेगळं? ताईतात घालतात तेही यंत्रच."

तेव्हापासून त्या कॉम्प्युटर बंद असला तरी त्याच्यासमोर हळू आवाजात बोलू लागल्या. "कोण ऐकत असेल, आपल्याला काय ठाऊक," म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळपासून आमच्याकडची लाइट गेली होती. दुपारी डोकावले, तर काकू काळ्या स्क्रीनसमोर बसून मान हलवत होत्या. मधूनच "हं" म्हणत, मग थांबत, समोरच्याला बोलू देत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बरं बाळा. जा आता." मी कॉम्प्युटरला हात लावून पाहिला. गार होता.

संध्याकाळी माझ्या मोबाइलवर निखिलच्या बायकोचा फिनलंडहून फोन आला. गोठलेल्या तळ्यावरून चालताना बर्फ फुटून निखिल बुडाला होता. सांगायला गेले, तर काकूंनी त्याच्या फोटोपुढे आधीच दिवा लावला होता. "बस," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्यात त्या मुलीकडे रत्नागिरीला कायमच्या निघाल्या. सामान रिक्षात ठेवून झाल्यावर मला राहवलं नाही.

"काकू, त्या दुपारी निखिल काय म्हणाला?"

"तिकडच्या भाषेत बोलत होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकही शब्द ओळखीचा नव्हता, पण मला सगळं समजत होतं. आता ते मराठीत कसं सांगायचं, तेच येत नाही बाय."